टाकीजवळचे आठ बेड

४ जानेवारी

अक्षर ओळखून हे पाकीट तू बाजूला ठेवशील, हे मला माहीत आहे. पण फोन तू उचलत नाहीस. फोन न उचलायला काहीच करावं लागत नाही, पत्र फाडायला निदान ते हातात तरी घ्यावं लागतं. म्हणून पत्र.

काम असं आहे. कलिंगडाचे बेड तयार आहेत. ठिबकच्या नळ्या टाकून झाल्या, वर प्लास्टिकचा मल्चिंग पेपर ताणून झाला, भोकंही पाडून झाली आणि रोपं यायला अजून पंधरा दिवस आहेत. तेवढ्यात लव्हाळ्यानं डोकं वर काढलं. बाकीचं गवत पेपरखाली गुपचूप मरतं, पण हा पठ्ठ्या पेपर फाडून सरळ वर येतो. दोन बेडांमधल्या पट्ट्यात तर हरळी आणि घोळ यांनी संसारच थाटलाय. तणनाशकासाठी औषधाच्या दुकानदाराला विचारलं तर त्यानं तीन बाटल्या पुढे ठेवल्या आणि तिन्ही एक नंबर आहेत म्हणाला. माझं पीक कलिंगड आहे की बाभळीचं रान, याची त्यानं चौकशीही केली नाही. मधल्या पट्ट्यात काय मारू, केव्हा मारू आणि लव्हाळ्याचं काय करू, एवढंच कळव. ही माहिती तुझ्याइतकी कुणाला नव्हती.

तुला वाटेल, सहा वर्षं हिचं अडलं नाही, आत्ताच कसं अडलं? अडलं नाही हे खरंच. दरवर्षी मीच फवारते आणि बरं फवारते.

घरी सगळे बरे आहेत. बाबांचे गुडघे गेले, आवाज शाबूत आहे. बांधावर खुर्ची टाकून बसतात आणि खुरपणाऱ्या बायकांना एकेक तण बोटानं दाखवतात. आत्या आहे तशीच आहे, म्हणजे तिला कमी ऐकू येतं पण नको ते बरोबर ऐकू येतं. ट्रॅक्टरवाल्यानं मिशा काढल्या. आधीच बरा दिसत होता.

आणखी एक. बाबांनी शेत माझ्या नावावर करायचं ठरवलंय. एकटीच्या. मार्चच्या पाच तारखेला नोंदणीच्या कार्यालयात जायचं आहे. तुला विचारायची गरज नाही असं ते म्हणतात. मी म्हटलं, निदान कळवायला हवं. त्यावर जे म्हणाले ते जसंच्या तसं लिहिते, नाहीतर दुसऱ्या कुणाकडून तिखटमीठ लावून कळेल. म्हणाले, "ज्याला औषधाचं माप कळत नाही, त्याच्या हातात मी माती देणार नाही."

सहा वर्षांपूर्वी बेचाळीसपैकी चौतीस बेड औषधानं जळाले, ते त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नाही. बाकी घरात तो विषय कुणी काढत नाही. मी तर नाहीच.

उत्तर पाठव. शेताबद्दल काही म्हणायचं असेल तर तेही लिही.

ताई


१९ जानेवारी

कार्ड मिळालं. "प्रिय" नाही, "ताई" नाही, एकदम पहिल्या शब्दापासून गवत! पण सल्ला चोख आहे. रोपं लावायच्या आधीच मार, वारा पडलेला असताना मार, नोझल खाली धर, गढूळ पाणी वापरू नकोस. लव्हाळा एका फवाऱ्यात जाणार नाही, जमीन ओलसर असताना गाठीसकट उपट. पेपरवर उडालेलं औषध धुऊन काढ. सगळं तसंच केलं. दुकानदाराच्या तीनपैकी दोन बाटल्या परत केल्या, त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

पेपर धुतला. चाळीस बेड, दोन दिवस लागले. नळी मी स्वतः धरली, कुणावर सोपवलं नाही. शेवटचे दोन बेड नुसते ठेवलेत, रोपवाटिकावाला जास्तीचे ट्रे देतो म्हणाला आहे, ते मागाहून लावू. बाकी रोपं उद्या येतील.

तुझ्या कार्डाची शेवटची ओळ मात्र मला कळली नाही. म्हणजे कळली. "माप मला विचारू नकोस, दुकानदाराकडून लिहून घे."

कार्ड ज्या पाकिटात घातलंस त्यात तुझ्या बायकोचीही चिठ्ठी होती. तिनं ती तुला न सांगता घातली असावी. तिला रागावू नकोस, तिनं तुझी कागाळी केलेली नाही. छोटीला ताप आला होता, आता उतरलाय, एवढंच लिहिलं आहे. आणि खाली असं: "औषध नेहमी मीच पाजते. हे चमचा हातात धरत नाहीत. मी घरी नसले तर शेजारणीला बोलावतात. का ते सांगत नाहीत. तुम्हाला माहीत असेल तर लिहा."

मला माहीत आहे.

आज इथेच थांबते. रोपांसाठी खत भिजवायचं आहे.

ताई


२१ जानेवारी

परवाचं पत्र टाकून घरी आले आणि मला जेवण गेलं नाही. आत्या म्हणाली, "खाई त्याला खवखवे." तिला काहीच माहीत नाही, ती सुरणाबद्दल बोलत होती. पण मी ताट सरकवून उठले.

सरळ लिहिते. रोपं तुझ्या मापानं मेली नाहीत. पेपर मी धुतला नव्हता.

आता तू हे दोनदा वाचशील, म्हणून मीही सविस्तर सांगते. त्या वर्षी रोपवाटिकावाल्यानं दहा दिवस उशीर केला. भोकं पाडून ठेवलेल्या बेडांवर तण माजलं. तू एक दिवस सकाळपासून पंप पाठीवर घेऊन सगळ्या बेडांवरून आणि पट्ट्यांतून फवारलंस. पीक नव्हतंच, त्यामुळे ते बरोबरच होतं. दुसऱ्या दिवशी तू रोपं आणायला निघालास आणि जाताना मला म्हणालास, "ताई, मी येईपर्यंत सगळ्या बेडांवरून नळीनं पाणी मार. ठिबकचं पाणी पेपरच्या खाली जातं, वर थेंब पडत नाही. औषध पेपरवर तसंच बसून राहतं आणि लावणीच्या वेळी भोकात उतरतं." मी तुला म्हटलं, "कळलं, मास्तर." आठवतंय?

टाकीजवळच्या पहिल्या बेडापासून मी सुरुवात केली. आठ बेड चांगले धुतले. आठव्याला नळीचा जोड फुटला. दुसरा जोड शेडमध्ये होता, जाऊन येऊन दहा मिनिटं. मला तीनच्या बसनं शिंपिणीकडे जायचं होतं. पेपरकडे बघितलं तर कोरडा खडखडीत. मला वाटलं, वाळलं म्हणजे उडून गेलं, काय राहिलंय त्यात? नळी गुंडाळली आणि गेले. संध्याकाळी तू ट्रे उतरवताना विचारलंस, "झालं?" मी म्हटलं, "झालं." बाबांनाही तेच. एवढंच.

रोपं लावल्यावर आठव्या दिवशी शेंडे पिवळे पडले, बाराव्या दिवशी रोपांनी माना टाकल्या. टाकीजवळचे आठ बेड तेवढे हिरवेगार. मला त्याच क्षणी कळलं. शपथ घेऊन सांगते, त्याच क्षणी.

आणि तेवढ्यात बाबांनी दुसराच शोध लावला. एका पंपात आठ बेड होतात. म्हणजे पहिला पंप बरोबर भरला आणि दुसऱ्यापासून याचं लक्ष उडालं, माप दुप्पट पडलं! सगळ्यांना पटलं. ट्रॅक्टरवाल्यानं मान डोलावली, रोपवाटिकावाल्यानं तर जास्तच, कारण दोष रोपांचा नाही हे परस्पर सिद्ध झालं. खुरपणाऱ्या बायकांच्या मुकादमबाईनं तोंडाला पदर लावला, आत्यानं कपाळावर हात मारला. आणि तू काय केलंस? तूच म्हणालास, "दुसरा पंप भरताना ट्रॅक्टरवाला बोलायला आला होता. तेव्हा दोनदा ओतलं असेल. मला नीट आठवत नाही." बाबा चौघांसमोर ओरडले, "माकडाच्या हातात कोलीत दिलं मी!" तेव्हापासून ट्रॅक्टरवाला तुझा विषय निघाला की तुला कोलीतच म्हणतो. मी त्याला एकदाही अडवलं नाही.

तू दोनदा ओतलं नव्हतंस. दुसऱ्या पंपाच्या वेळी मी टाकीवर कपडे धूत होते, मी पाहिलं होतं. एकदाच मापलंस, माप डोळ्यांसमोर धरून. नंतर बाटलीचं झाकण लावलंस आणि मग ट्रॅक्टरवाल्याशी बोलायला वळलास. हे मला तेव्हाही सांगता आलं असतं. पण तुझं माप बरोबर होतं म्हटलं की पुढचा प्रश्न पाण्याचा आला असता.

करून सवरून नामानिराळी राहिले. तू बॅग भरत होतास तेव्हा मी तुला डबा करून दिला, याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

बाबांना सांगणार आहे. ते सांगून झाल्यावरच पुढचं पत्र लिहीन. चमच्याचं काय ते तुझ्या बायकोला तूच सांग. ती विचारते आहे.

ताई


२ फेब्रुवारी

सांगितलं. उपयोग झाला नाही.

तुला हसू येईल, किंवा येणारही नाही. सकाळी बाबा बांधावर काठीचा चिखल खरवडत बसले होते. मी समोर जाऊन उभी राहिले.

"बाबा, ती रोपं त्याच्यामुळे मेली नाहीत. पेपर मी धुतला नव्हता."

"कुठली रोपं?"

"सहा वर्षांपूर्वीची."

"धुतला होतास. तूच सांगितलंस मला."

"खोटं सांगितलं होतं."

"तू खोटं बोलत नाहीस."

"तेव्हा बोलले, बाबा."

"तेव्हा नाही, आत्ता बोलतेयस." काठी आपटली. "कागदाची तारीख जवळ आली, आता भावाचा पुळका आला. शेत घ्यायला मन खातंय ना? मग तो आळ स्वतःवर घ्यायचा. मला शिकवतेस?"

आणि आत्या! एरवी तिच्या कानाशी ढोल वाजवला तरी वळत नाही. हे मात्र तिला ओसरीतून ऐकू आलं. "बहीण असावी तर अशी!" म्हणून तिनं डोळे पुसले. संध्याकाळपर्यंत मुकादमबाईला सांगून झालं, तिनं खुरपणाऱ्या बायकांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्यातली एक मला म्हणाली, "ताई, तुमच्यासारखं काळीज सगळ्यांना मिळो." सहा वर्षांचं पाप सांगायला गेले आणि पुण्यवान होऊन परत आले. मी त्या बाईवर उगाच खेकसले.

तीन दिवस मी रोज तेच सांगितलं. सुंभ जळेल, पीळ जाणार नाही. शेवटी बाबा म्हणाले, "तोंडाचं काय, काहीही बोलतं. शेत दाखवेल ते खरं."

मी म्हटलं, "मग शेतालाच विचारू."

ते दोन बेड रिकामे आहेतच, आणि मोकळे सोडल्यामुळे त्यांच्यावर तणही भरपूर आलंय. रोपवाटिकावाल्याचा जास्तीचा ट्रे आहे. ठरलं ते असं. औषध तेच, बाटलीवर लिहिलंय तेवढंच. दोन्ही बेडांवर एकाच पंपातून फवारणी. उभ्या पिकाच्या बाजूला कापडाचा आडोसा. दुसऱ्या दिवशी एक बेड त्यांच्यासमोर धुवायचा, दुसऱ्याला पाण्याचा थेंब लावायचा नाही. मग दोन्हीकडे एकाच ट्रेमधली रोपं.

आणि माप त्यांनी घ्यायचं. माझा हात लागला असता तर पुन्हा म्हणाले असते, भावासाठी मुद्दाम जास्त ओतलं.

"दोन्ही बेड जगतील," बाबा म्हणाले. "मग या घरात हा विषय बंद. आणि पाच तारखेला निमूट सही करायची."

"आणि नाही जगले तर?"

"तर बघू."

उद्या सकाळी वारा पडला की फवारायचं. तुझं काहीच आलेलं नाही. येऊ नये असंही वाटतं आणि टपालवाल्याची सायकल दिसली की मी हातातलं काम टाकून फाटकाशी जाते.

ताई


१८ फेब्रुवारी

क्रमानं सांगते, म्हणजे माझ्याकडून काही सुटणार नाही.

तीन तारखेला बाबांनी माप घेतलं. माप उजेडाकडे धरलं, थोडं जास्त वाटलं म्हणून बाटलीत परत ओतलं, पुन्हा धरलं, काठावरचा ओघळ फडक्यानं पुसला. बरोबर शंभर मिली. पंपात स्वतः ओतलं, स्वतः ढवळलं. मी फक्त पाठीवर घेऊन फवारलं. चार तारखेला टाकीकडचा बेड खुर्ची टाकून माझ्याकडून धुऊन घेतला. "कडेला राहिलं. तिथे मार. अजून मार." इतका धुतला की रोपांऐवजी आपणच जेवायला बसावं त्यावर. दुसरा तसाच ठेवला. सहा तारखेला लावणी केली, प्रत्येक बेडावर पन्नास रोपं.

चौदाला सकाळी मला हाक मारली. न धुतलेल्या बेडावरच्या रोपांचे शेंडे फिकट पडले होते, नवं पान अरुंद, पांढुरकं. बाबा म्हणाले, "पाणी कमी पडलं असेल." ठिबकची नळी उघडून बघितली, पाणी व्यवस्थित. "मग मुळाला कीड असेल." दोन रोपं उकरली, मुळं पांढरीशुभ्र. "ट्रेच खराब असेल." मी शेजारच्या बेडाकडे नुसतं बोट केलं. त्याच ट्रेमधली रोपं तिथे हातभर पसरायच्या तयारीत होती. मग तीन दिवस दिवसातून दहा वेळा काठी टेकत तिथे जात होते. मुकादमबाईला म्हणे विचारत होते, शेंडा जरा हिरवा वाटतोय का गं?

काल पन्नासातली सत्तेचाळीस आडवी झाली.

बाबांनी एक रोप उपटून हातात घेतलं. मला म्हणाले, "माप मी घेतलं होतं."

"हो."

"शंभरच घेतलं."

"हो बाबा. मी पाहिलं."

रोपाची मुळं उलटून पाहिली. मग म्हणाले, "त्यानंही शंभरच घेतलं असणार."

त्यांचे गुडघे वाकत नाहीत, तरी ते तिथेच बेडाच्या कडेला बसले. मी धरायला गेले तर हात झटकला. "तू माझ्या तोंडून त्याला घालवलंस," म्हणाले. ते खरंच होतं. मग बाबा रडले. आई गेली तेव्हा रडले होते त्याहून जास्त. मी दोन हात अंतरावर उभी होते आणि मला जवळ जायची परवानगी नव्हती.

आज सकाळी त्यांनी चौघांना बोलावून घेतलं, त्या दिवशी होते त्याच चौघांना. रोपवाटिकावाल्याला वाटलं आपल्या ट्रेबद्दल तक्रार आहे, तो येतानाच भांडायच्या तयारीनं आला. बाबांनी सगळ्यांना दोन्ही बेड दाखवले. मग म्हणाले, "त्याचं माप बरोबर होतं. मी चौघांत बोललो ते चुकलं, म्हणून चौघांत सांगतोय." एवढं बोलून नोझल उघडून त्यातली जाळी बघत बसले. जाळीत काही नव्हतं.

ट्रॅक्टरवाला म्हणाला, "म्हणजे कोलीत ताईंच्या हातात होतं?"

"हो," मी म्हटलं.

आत्यानं दुपारी मला वाढलं नाही. मी घेतलं हातानं.

पाच तारखेचा कागद आता दोघांच्या नावाचा होतोय. बाबांनी स्वतः कार्यालयात निरोप धाडला. तुला पत्र लिहायला बसले होते. एक कागद घेतला, चष्मा लावला, मग मला म्हणाले, "त्याला लिही, की मी..." पुढचा शब्द अजून सापडलेला नाही. सापडला की त्यांच्याच हातानं लिहितील, मी लिहून देणार नाही.

ताई


२६ फेब्रुवारी

कार्ड मिळालं. एकच ओळ. "गप्प का होतीस? बसचं कारण सांगू नकोस."

बसचं कारण न धुण्याचं होतं. गप्प राहण्याचं वेगळं आहे. आधीच्या पत्रांत ते नाही. लिहायचं राहून गेलं असं नाही, मी लिहिलं नाही.

त्या दिवशी बाबा तुला बोलले आणि तू शेडकडे निघून गेलास. पंप बांधावरच पडला होता. बाबांनी तो उचलला, माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "उद्यापासून फवारणी तू बघायचीस."

मला आनंद झाला.

पुढ्यात चौतीस बेड मरून पडले होते, तू पाठमोरा चालला होतास आणि मला आनंद झाला. भीती वाटली, वाईट वाटलं, तेही खरं आहे. पण ते नंतर. आधी आनंद. मी तुझ्याहून चार वर्षांनी मोठी. वेल कुठे वळवायचा, कोणतं फळ ठेवायचं, कोणतं खुडायचं, हे मला तुझ्याआधी कळत होतं. तरी खुरपं माझ्या हातात आणि पंप तुझ्या पाठीवर. बाबा औषधाच्या दुकानात तुला घेऊन जायचे आणि मला सांगायचे, बायकांना पाणी दे. तू कधी माझ्यावर हुकूम चालवला नाहीस, मान्य आहे. चालवला असतास तर तुझा राग करणं सोपं गेलं असतं.

मी तोंड उघडलं असतं तर पंप परत तुझ्याकडे गेला असता. म्हणून उघडलं नाही. पहिल्या आठवड्यात एवढंच कारण होतं. नंतर तू गेलास आणि मग दर वर्षी सांगणं आणखी अवघड झालं. सहा वर्षं पीक चांगलं आलं. मी चांगली फवारते, बाबासुद्धा म्हणतात. ते काम मला भांडून मिळवता आलं असतं. मी तुला विकून मिळवलं.

तुझी चूक नव्हती. झाकणभरही नव्हती. हे मी आता ज्याला त्याला सांगते. काल टपालवाल्यालाही सांगितलं, तो बिचारा पाकीट देऊन निघायच्या घाईत होता.

आता कामाचं. पाच तारखेला बाबा सकाळी दहापासून कार्यालयात बसणार आहेत. तू येशील की नाही ते त्यांनी मला विचारलं नाही, ट्रॅक्टरवाल्याला विचारलं. तोच त्यांना घेऊन जाईल. मी जाणार नाही. मी दारात दिसले तर तू तिथूनच वळशील आणि मग ते पुन्हा माझ्यामुळे होईल. माझी सही मी तू केल्यावर करीन. तू केली नाहीस तर मीही करणार नाही, बाबांना तसं सांगून ठेवलंय.

त्या दिवशी मी शेतावर असेन. वेल पट्ट्यांत उतरलेत, आता औषध चालत नाही, राहिलेलं तण हातानं काढायचं आहे. दिवसभराचं काम आहे, म्हणजे मी काही अचानक तिकडे उगवणार नाही. तू निर्धास्त ये, बाबांना भेट आणि हवं तर सरळ परत जा.

माझ्याशी बोलायला अजून सहा वर्षं घेतलीस तरी चालेल. तेवढी तुझी माझ्याकडे निघतातच.

ताई